साडेसहा

बेनोडा फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये
संत्री पट्ट्यावरून येतात, भोकांतून पडतात,
आधी बारीक, मग मध्यम,
शेवटी ती मोठी, जी लांब जातात.
मी मध्यमच्या क्रेटपाशी.
परीक्षेची फी म्हणजे इथले बेचाळीस दिवस,
आज एकतिसावा.

एका कानात वायर.
वायरीतली बाई कुणाला तरी सांगतेय,
ग्रंथालय कार पार्कच्या डावीकडे,
नाही, थांबा, उजवीकडे, हल्लीच हलवलंय.
त्या लोकांना बोलता बोलता बदलायची सवय आहे
आणि गुण बदललेल्या उत्तरालाच असतात.
मी सडकं फळ उचलते, बाजूला टाकते.
उजवीकडे.

रात्री वाचन. हिमनद्या. मधमाश्यांची स्मरणशक्ती.
तेरा प्रश्न, वीस मिनिटं:
खरं, खोटं, की दिलेलं नाही.
हे तिसरं मला फार आवडलं.
आमच्यात जे दिलेलं नसतं तेसुद्धा लोक वाचून घेतात.
बी.एस्सी.चा निकाल लागला, मामा म्हणाला, मग पुढं काय?
मी गप्प बसले,
आठ दिवसांत तो काटोलचं स्थळ घेऊन आला.

सगळ्यात छळतो तो 'द'.
आमची बोली वाक्य झाल्यावर मागून जीव लावते,
व, बाप्पा, माय.
ह्यांच्यात नावाच्या आधीच चौकीदार:
ओळखीचं आहे का हे फळ? आधी भेटलंय?
मगच आत.
धोटे सर माझ्या निबंधातून रोज अकराबारा 'द' उपटतात
आणि तितकेच दुसरीकडे लावतात.
कुठं लागतो, सर?
म्हणतात, हळूहळू कानाला कळतं.
त्यांच्या कानाला बावीस वर्षं मिळाली.
मला पाच आठवडे.

जेवणाच्या सुट्टीत, थप्पीच्या मागं, बोलायचा सराव.
चिठ्ठी उघडली:
उपयोगाचं काही शिकवलेल्या एखाद्या माणसाबद्दल सांगा.
एक मिनिट विचार, दोन मिनिटं बोलणं.
मोबाईल क्रेटला टेकवला
आणि इंग्रजीत केसरबाई धुर्वे सुरू केली.
ती फळ दाबत नाही, नुसतं तळहातावर ठेवते,
म्हणते हे केरळपर्यंत जाईल,
हे नागपूरच्या पुढं नाही.
कसं कळतं, ह्या ठिकाणी शब्द संपले.
एक मिनिट चार सेकंद.
उरलेली छप्पन्न सेकंदं फोननं
नुसती पंख्याची घरघर टिपली.

थप्पीपलीकडून आवाज आला,
"काय व, माह्यं नाव घेतलं न तू?
काय सांगून रायली होती त्या डब्ब्याले?"
मग सगळं आपल्या बोलीत सांगितलं.
भाकर वाळली, सात मिनिटं गेली,
तीनदा तिनं मला अडवलं.
"वजन नाई व, वजन तं काटाबी सांगते.
सालीच्या आत फळ हाललं का, ते पाय."
एका हातानं माझे डोळे झाकले,
दुसऱ्यानं एक संत्रं तळव्यावर ठेवलं.
तिच्या बोटांना सालीचा तिखट वास.
"हाललं?"

खरं नव्हतं, खोटं नव्हतं.

रात्री पुन्हा बोलले. एक मिनिट एकोणपन्नास.
'फ्रूट'च्या आधी 'द' आपला आपण येऊन बसला होता,
मी बोलावलाही नव्हता.
सरांना पाठवलं.
उत्तर आलं, बरं आहे,
पण 'स्किन'पाशी एक राहिला.

सकाळी केसरबाईनं विचारलं,
"तुह्या परीक्षेचं गाव केरळाच्या पुढं हाय का?"
परीक्षा नागपूरलाच आहे, म्हटलं,
पण साडेसहा आले तर मग पुढं. लय पुढं.
तिनं पदर खोचला, पट्ट्याकडं हात केला,
"मंग मोठ्याच्या क्रेटपाशी उभी राय न."
आम्ही दोघी हसलो, मुकादमानं बटण दाबलं.
मध्यम भराभर यायला लागली.
आज बत्तिसावा.