ऊन खायला आलेले

मे महिन्याची नऊ तारीख, थंडर बे.
सरोवरावर अजून बर्फाची साय,
पहिलं जहाज आत आलं
तिथे तेवढी फाटलेली.

सकाळी मी अंगणात अकरा टेबलं मांडली.
अंगण म्हणायचं आपलं,
ब्रूअरीमागची ही फरशी,
हिवाळ्याने चार ठिकाणी वर उचललेली,
म्हणून दर टेबलाच्या एका पायाखाली
घडी घातलेला पुठ्ठा.
बारा अंश.
कोट कोणी काढत नाही,
पण बटणं उघडी.

पहिली आली हालिना,
रात्रपाळी करून, इस्पितळातल्या चपला तशाच पायात.
काय देऊ, विचारलं
तर डोळे मिटून म्हणाली, थांब जरा.
मग रेनो साल्मेला, ऐंशी पार,
तीस वर्षं धान्याच्या कोठारांत
गव्हाची धूळ गिळलेला.
आता बार्लीची बिअर, अर्धाच ग्लास,
तोही डॉक्टरला सांगून.

मेनूवर तळलेला व्हाइटफिश आहे,
काकडीचं लोणचं, काळा पाव,
स्प्रूसच्या कोवळ्या शेंड्यांची बिअर,
जिला पहिल्या घोटाला जंगलाचा वास येतो
आणि दुसऱ्याला फर्निचरचा.
पण आज सगळे आलेत ते ऊन खायला,
आणि त्याचा भाव
मला कोणी सांगून ठेवलेला नाही.

साडेतीनला
रस्त्यापलीकडच्या बंद हॉटेलची सावली
कुंपण ओलांडते.
आधी एक नंबरच्या टेबलावर, मीठदाणीपर्यंत.
तिथला माणूस खुर्ची सरकवतो,
एक वीतभर,
कोणाच्या लक्षात येऊ नये अशी.
सावली घाई करत नाही.
वसुलीला आलेल्या माणसासारखी
दारात उभी राहते आणि मग
आत येऊन बसते.

चारला तीन टेबलं ओस.
पाचला सात.
ग्लास उचलून माणसं पुढे, अजून पुढे,
फरशीवर खुर्च्यांची करकर.
इथे कोणी बसलंय का?
हा प्रश्न मी आज वीसदा ऐकला.
नोव्हेंबरपासून एकदाही नाही.

कोस्टान्झो भाऊ आले होते वेगवेगळे,
बसले होते दोन टोकांना,
बापाची बोट विकली त्या साली बसले तसे.
बारा वर्षं मी त्यांना
दोन बिलं देते, दोन वेगळ्या वेळी,
म्हणजे दारात गाठ पडायला नको.

सहाला ऊन उरलं
फक्त कोपऱ्यात,
रिकाम्या पिंपांपाशी, कचऱ्याच्या डब्याला लागून.
एक पट्टी, खाटेएवढी.
तिच्यात सतरा माणसं आणि एक कुत्रा.
डेल्फीन मिशानो पिंपावर चढून बसली,
म्हणाली, माझ्या आजीच्या वेळी
अख्खा किनारा होता आम्हाला ऊन खायला.
हसले सगळे,
ती जरा उशिरा हसली.
हालिनाला बसल्या बसल्या झोप लागली,
मान रेनोच्या खांद्यावर.
त्याचा ग्लास त्याच हातात.
त्याने तो उचललाच नाही,
फेस बसला, बिअर कोमट झाली.

आणि भाऊ
गुडघ्याला गुडघा.
बोलले का? नाही.
आल्दोने बटाट्याची बशी
बोटभर सरकवली, जणू टेबलच कलतं होतं.
नुंझिओ माझ्याकडे बघत म्हणाला,
मीठ कमी आहे.
पण खाल्ले.

मी ट्रे घेऊन सावलीत उभी.
आत शिरायला वाट नाही.
डोक्यांवरून हात लांबवला
तेव्हा कोपरापर्यंत
उन्हात गेला तो,
सकाळपासून पहिल्यांदा.
तसाच धरून ठेवला.
ही कोणाची, विचारलं.
ठाऊक होतं कोणाची ते.
पुन्हा विचारलं.