काळी तार

काराकोलमध्ये संध्याकाळी विजेचा दाब पडतो,
म्हणून डाग देण्याचं काम मी दुपारीच उरकलं.
टेबलावर बोर्ड, तळहाताएवढा, हिरवा,
फटींमध्ये अजून हिमनदीची राखाडी माती.
साद्यर-आकेने घोड्यावरून खाली आणला तो,
खोगिराच्या पिशवीत, कुरुतच्या खारट गोळ्यांशेजारी,
आणि दारातच म्हणाला,
"तळ्यावरचं पोर बोलेनासं झालंय, बुरुल."

आधी दाब मोजला: तीन पूर्णांक तीन.
पाच दिले असते तर पोर जागीच गेलं असतं.
मग तारा.
ह्याचं तोंड त्याच्या कानाला,
त्याचं तोंड ह्याच्या कानाला.
तोंडाला तोंड जोडलं, आके,
तर दोघंही नुसती बोलत सुटतात.
"माझ्या सुनांसारखी," तो म्हणाला,
आणि चहात चमचाभर जर्दाळूचा मुरंबा ढवळला.

पडद्यावर मात्र काहीच्या बाही.
चौकोन, प्रश्नचिन्हं, अर्धे कंस,
ताप चढलेल्या माणसाची बडबड.
वेग बदलला. नऊ हजार सहाशे.
एक लाख पंधरा हजार दोनशे.
बडबड तीच, फक्त घाईत.
केबल बदलली, लॅपटॉप बदलला,
चीनाराला फोन करून उगाच तिच्यावर डाफरले.

आकेनंच बोट दाखवलं:
"ही काळी कुणाची?"

सुटी पडली होती, माझ्या कोपराखाली.
जमीन जोडायचीच राहिली होती.
दोघांची जमीन एक नसेल
तर ह्याचा शून्य त्याला शून्य वाटत नाही,
आणि मग पुढचं सगळंच भांडण.

जोडली.
बोर्ड म्हणाला: तीन, दोन, एक
(कळ दाबायला मी चुकले; पुन्हा वीज तोडली, पुन्हा जोडली)
तीन, दोन,
आणि थांबला. माझ्या बोटाखाली.
मग ओळींमागून ओळी. मेमरी सापडली. कार्ड सापडलं.
पाण्याची उंची मोजणारा, सापडला.
तारीख: एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.

"सत्तर?" आके हसला.
"तेव्हा मी कोल्खोजच्या मेंढ्या राखायचो, ओठावर मिसरूडही नव्हतं."
ह्याच्यात घड्याळाची बॅटरी नाही, मी म्हटलं,
वीज गेली की हा दर वेळी तिथूनच सुरू होतो.

मग जुनी नोंद उघडली.
बारा जानेवारी, सत्तर, सकाळचे सात वीस:
पाणी दोन मीटर चाळीस. दोन साठ. तीन दहा.
मोडेम: उत्तर नाही. पुन्हा प्रयत्न.
मोडेम: उत्तर नाही. पुन्हा प्रयत्न.
चार हजार एकशे बारा वेळा.

हे कधीचं, ह्या सत्तरवरून काय कळणार?
आके बोटांची पेरं मोजू लागला.
घोडी व्याली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, अंधार पडता पडता,
त्याने वर जाऊन बॅटरी घट्ट केली होती.
तिथून अकरा दिवस. वर सात तास.
पेरं संपली तसा अंगठा थांबला.

"खालचा पूल गेला," तो म्हणाला, "त्याच रात्री."

मी काही बोलले नाही.
पोर मुकं नव्हतं.
गळा फोडून ओरडत होतं, रात्रभर,
मोजून.

चहा गार झाला होता.
आकेने पिशवीतून अँटेनाची केबल काढली,
तीही आणली होती त्याने, लागली तर असावी म्हणून.
टोकाला बारीक दातांच्या खुणा.
मार्मोट.

बराच वेळ तो त्या खुणा अंगठ्याने चाचपत राहिला.
मग म्हणाला, "कुठल्या बिळातला, ते मला माहीत आहे,"
आणि विचारलं, नवी केबल कितीला पडेल,
आणि तिच्यावर लोखंडी नळी चढवता येईल का.