पेटी नंबर दोनशे चौदा

मिल स्ट्रीटवर, लॉन्ड्री आणि डोनटवाल्याच्या मधे
माझं दुकान: तीनशे टपालपेट्या, पितळी दारं,
महिना अठरा डॉलर.
दोनशे चौदामध्ये राहते
'निर्मळ नदी नागरिक' नावाची संस्था.
राहते म्हणजे, मावते.
आत खुर्ची नाही, नदी नाही,
नागरिक तर मी एकही पाहिला नाही.
किल्ली न्यायला एक वकील आला होता, कोवळा,
मोंटानातल्या जानेवारीत त्याचे बूट कोरडे.

संस्था करमाफ आहे. समाजाच्या कल्याणासाठी.

ऑक्टोबरात कार्डं आली, जाड, गुळगुळीत.
थिया ब्रोडरुडचा फोटो काळवंडून छापलेला,
डोळ्यांखाली मुद्दाम भरलेली सावली.
'या न्यायाधीशबाईंनी गुन्हेगार मोकळे सोडले.
विचारा, का?'
विचारायचं कुणाला, ते खाली मुंगीएवढ्या अक्षरात:
माझ्या दुकानाचा पत्ता.
तिने खाणीचं सांडपाणी अडवलं होतं,
त्याबद्दल अवाक्षर नाही.

एका संध्याकाळी ती स्वतःच आली,
मफलर न सोडता म्हणाली, "वर्ना, हे लोक इथे असतात?"
मी बोट दाखवलं.
ती वाकली, फटीला डोळा लावला,
नवे शेजारी जागे आहेत का बघावं तसा.
आत पिझ्झाचं एक कूपन होतं.
"पैसे कुणाचे?"
"सांगायचं बंधन नाही त्यांच्यावर," मी म्हटलं,
आणि माझाच आवाज मला कोऱ्या छापील फॉर्मसारखा वाटला.

रविवारी चर्चमध्ये पास्टर म्हणाले,
उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये.
शेजारी म्हातारा आयनार,
थाळीत मूठ तळापर्यंत नेऊन मगच उघडणारा,
नोट पाचाची की एकाची, कुणी पाहू नये म्हणून.
ते गुप्तदान मला कळतं.
झाकली मूठ सव्वा लाखाची.
पण ही दुसरी मूठ
किती लाखांची ते राहू दे,
कुणाच्या मनगटाला आहे एवढं तरी?

थिया तीनशे सहा मतांनी पडली.
डिसेंबरात किल्ली पाकिटातून परत आली,
पाठवणाऱ्याचा पत्ता: पेटी दोनशे चौदा.
मार्चमध्ये बर्फ वितळलं, पुलाखालचे दगड
पुन्हा तांबूस झाले.

मी वही काढून बसले.
त्या सगळ्या पैशातली
एकच रक्कम नावानिशी कुठेतरी लिहिलेली आहे:
अठरा गुणिले बारा.
मिळाले.
वर्ना शेल्सेट.