पोटखराबा

पावती फाडली दोनशेची. कार्बन उलटा लागलेला,
म्हणून माझं नाव पावतीच्या पाठीवरच उमटलं,
आरशातल्यासारखं.
"ऱ्हवांदे," हिरावती जुवाटकर म्हणाली, "होडयेक कळता."

तिवरबांधच्या धक्क्यावर पाटी:
मुळे, कालवं या महिन्यात मिळणार नाहीत. ती वाढतायत.
खाली दुसऱ्या अक्षरात: आंबोळी आहे.

बारा बायकांची ही एक होडी.
वल्हं पाळीनं. आज हिरावती आणि तिची जाऊ प्रेमा.
आत शिरलो तसा समुद्र मागे राहिला,
कांदळाची मुळं पाण्यात गुडघे रोवून उभी,
चिखलावर निवट्या, डोळे डोक्यावर ठेवून
आमच्याकडे बघणाऱ्या.

"ही चिपी. ही मारांडी, काटे आसत, हात सांबाळा.
ह्येका आमी आदी लाकूड म्हणत होतव.
आता झाड म्हणतव."

मग सहज: "तुमी खय कामाक होतास?"
मोजणी खात्यात, म्हटलं.
तिथंच थांबायला हवं होतं.

सत्त्याऐंशी साली याच खाडीत आलो होतो, साखळी घेऊन,
विजार मांडीपर्यंत वर.
दुसऱ्या खुंटालाच साखळी रुतली.
ओहोटीला मोजलेली हद्द भरतीला हलली.
साहेबांनी विचारलं, काय आहे तिथं?
मी म्हटलं, काही नाही.
आणि रकान्यात, माझ्या बऱ्यापैकी वळणदार अक्षरात,
लिहिलं: पोटखराबा. लागवडीस अयोग्य.

वल्हं थांबलं नाही.
"बरा झाला," प्रेमा म्हणाली,
"चांगली लिवलं असतास, तर कोणीतरी
कदीच इकत घेतल्यान असती."
दोघी हसल्या. मला हसायला जरा उशीर झाला.

दुपारी पडवीत आंबोळी, सोलकढी.
दाराच्या फळीवर खडूनं महिन्याचा हिशेब:
होडीला डांबर. रोपांच्या पिशव्या.
बेबीच्या नर्सिंगची फी, अर्धी.
जाळ्यात सापडलेलं कासव सोडलं, जाळ्याची भरपाई.
जुनी सवय, बेरीज करून पाहिली.
सात रुपयांचा फरक होता. बोललो नाही.

परततानाही त्याच वाटेनं.
वरून कांदळाची एक शेंग सुटली,
ओळंब्यासारखी सरळ,
आणि उघड्या चिखलात उभीच राहिली.

"एक लागला,"
हिरावती म्हणाली, मागे न बघता.