दोन सूत

सहा भरली आज, सातवं लागलं.
आंघोळीआधीच येऊन उभी राहिली
दाराच्या चौकटीला पाठ लावून,
टाचा टेकवून, श्वास कोंडून.
"बाबा, बघा की, मी वाढलो काय?"

शाळेत बाई सांगतात, 'वाढले' म्हण.
शाळेत म्हणतेही. घरी आली की 'आलो'.
तिची आई 'जातो' म्हणते, आजी 'जेवलो' म्हणते,
मी कुणाकुणाला दुरुस्त करू?

उद्यमनगरात दिवसभर लेथवर मी मापंच घेतो.
मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा इकडंतिकडं झाला
तर जॉब भंगारात.
इथं तिच्या डोक्यावर अंकलिपी आडवी धरतो,
तिच्याच पेन्सिलीनं रेघ ओढतो.
गेल्या साली इथं. आता इथं.
तीन इंच. आणि वर दोन सूत
मीच दिले, वाढदिवसाचे.

तिच्या रेघांच्या बरंच वर
एक तपकिरी रेघ आहे.
ऑइलपेंटनं दोनदा झाकली,
दोन्ही वेळा पावसाळ्यात परत उमटली.
"ही कुणाची?"
"पाण्याची."
"पाणी कितवीत हाय?"
मी हसलो. ती नाही हसली.
"त्याचा वाढदिवस कधी असतो?"

श्रावणात, म्हणालो. तारीख ठरलेली नसते.

बोटीत चढताना वनिताला सातवा होता.
बोटवाल्या पोरानं ओरडून विचारलं, किती जण?
मी म्हणालो, तीन.
मागून आई म्हणाली, चार.

मंगल कार्यालयाच्या स्टेजवर झोपलो आम्ही,
कुणाच्या तरी लग्नातले थर्माकोलचे मोर उशाला.
शंभर माणसांत एक मोबाईल चालू,
त्यावर तासातासाला राजाराम बंधाऱ्याची पातळी,
इतके फूट, इतके इंच.
तेव्हापासून कुणी "किती फूट?" विचारलं
की पोटात गोळा येतो माझ्या.
आज चौकटीपाशी
वनितानं तेच विचारलं, पोळ्या लाटता लाटता,
आणि मी सरळ उत्तर दिलं.

पाणी उतरल्यावर
सगळी बटणं रेघेच्या वर घेतली.
फ्रीज विटांवर, गव्हाचा डबा माळ्यावर,
रेशनकार्ड आणि पुढं तिचा जन्मदाखला
प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या टोकावर.
घर सगळं कमरेवरून खांद्यावर आलं
आणि तिचा हात कशालाच पुरेना.
हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

संध्याकाळी हाफ डे घेऊन आलो तर
आई गाल फुगवून बसलेली.
सोमवार आडवा आला, मटण नाही.
"लेकराच्या वाढदिवसाला काय बटाटा?"
रणजितमामा केक घेऊन आला, फुगे घेऊन आला,
एक फुगा पंख्यात गेला आणि गल्लीभर आवाज झाला.
केकवर बेकरीवाल्यानं 'सवरांजली' लिहिलं होतं.
तिनं बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं,
चूक काढली,
आणि ती चूकच मला पहिली पाहिजे म्हणाली.

मेणबत्त्या लागल्या.
"लाईट मी घालवणार."
मामा स्टूल आणायला निघाला. नको म्हणाली.
भिंतीला गाल लावून हात ताणला,
टाचा उचलल्या,
बोट आणि बटण यांत राहिलं इतकंसं,
माझ्या नजरेला ते माप बरोबर कळतं.
आई म्हणाली, "उचल की रे तिला."
मी हात पुढं केला,
तसाच मागं घेतला, खिशात घातला.

तिनं उडी मारली.

अंधार. सहा ज्योती. टाळ्या सुरू व्हायच्या आधी
अंधारातून तिचाच आवाज,
जरा घाबरलेला, जरा मालकिणीचा,
"आता परत लावू काय मीच?"