अर्थिंग

गिटार अठराशेला, मिरजेहून, एका नर्सच्या मुलाकडून.
तो पुण्याला निघाला होता, त्याने घासाघीस केली नाही.
नवा पिकअप अडीच हजार.
म्हणजे अख्ख्या देहापेक्षा कान महाग.

मी मोटारी भरते.
तासगावात, विटा रस्त्याला, मामाच्या पत्र्याच्या शेडमध्ये
द्राक्षबागांच्या जळक्या मोटारी येतात
आणि मी त्यांची कोळसा झालेली तार उपसून
नवं तांबं घालते, वेढे मोजत.
वेढे मोजणारीला
कॉइल अंधारातही ओळखू येते.

म्हणून सर्जेराव वायदंड्यांच्या माळ्यावर,
त्यांचा कूलर उतरवताना,
मी आधी बेंजो पाहिलाच नाही.
पाहिला तारांखालचा काळा तुकडा,
काडेपेटीएवढा, दोन वायरी लोंबणारा.
मग बटणं दिसली, निम्मी गळलेली,
मग पत्र्यावरचं पार्टीचं नाव, त्यातला फोन नंबर सहा आकडी.

"डॉल्बी आला," काका म्हणाले.
पुढचं वाक्य नव्हतं.
मग शिडीखालून, "काढून ने त्यो. पैशे नगंत.
पेटी तेवढी हितंच ठिव."

मीटर लावला तर पडद्यावर नुसता एक.
आमच्या धंद्यात एक म्हणजे कुणीच नाही,
तार कुठेतरी तुटलेली.
पंपाची तार सुतळीसारखी असते, हाताला कळते;
ही केसाहून बारीक, श्वास टाकला की पळते.
तीन रात्री. मामा म्हणाला, पाच एचपीची तीन कामं पडलीत
आणि हिचं काय चाललंय माशीचं ऑपरेशन.
तुटलं होतं अगदी शेवटच्या वेढ्याला,
जिथे वायर जोडतात तिथेच. नशीब.
सुईच्या टोकाने डाग दिला.
मीटर म्हणाला, पाच पॉइंट दोन.

बसवायला आइस्क्रीमच्या दोन काड्या,
सायकलच्या ट्यूबचा तुकडा, थोडं एम-सील.
जॅक शाळेच्या मोडक्या माइकचा.
वीस, तीस, साठ:
एकूण एकशे दहा रुपये, चहा धरून.

पण बेंजोच्या तारा दाटीने बसतात,
गिटारच्या ऐसपैस.
काळ्या तुकड्याच्या वर चारच मावल्या.
सरकवून पाहिला. वरची घ्यावी तर खालच्या दोन जातात,
खालची घ्यावी तर वरच्या.
शेवटी मधोमध ठेवला,
दोन्हीकडची एकेक तार
बिनभिंतीच्या खोलीत झोपल्यासारखी.

काका ऐकायला आले, इस्त्रीच्या सदऱ्यात.
ॲम्प्लिफायर लावल्याबरोबर घुंssss,
मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं.
मी वायरी तपासत होते, तोवर त्यांनी
नुसता तळवा तारांवर ठेवला.
आवाज बंद.
उचलला. घुंssss.
ठेवला. बंद.
"आमच्यातबी आसंच," म्हणाले,
"वरातीत दोन गाण्यांच्या मधी
हात काढायचा न्हाई. लोक म्हणायचे,
वायदंडे बेंजोला थोपटतोय."

मग त्यांनी वाजवलं.
गिटार मांडीवर आडवी, बेंजोसारखी,
उजव्या हातात प्लास्टिकचा तुकडा,
डाव्या हाताला बटणं सापडेनात,
बोटं हवेत दाबत राहिली.
मोकळ्या चारच तारा, पुन्हा पुन्हा.
शेडचा पत्रा थरथरला.
"आवाज आमचाच हाय," ते म्हणाले,
"सदरा दुसऱ्याचा."
आणि कूलरचे पैसे देऊन गेले,
पन्नास जास्तच.

अर्थिंगचं काम सोपं आहे.
एक उघडी तार ब्रिजखाली, तारांच्या गाठींना टेकवायची,
की हात असो नसो, घुंई बंद.
कोणालाही पाच मिनिटांत सांगेन.
माझ्या गिटारला अजून केलेलं नाही.
वायर कापून ठेवली आहे, ड्रॉवरमध्ये, व्हार्निशच्या डब्यामागे.

रात्री शटर अर्धं ओढून वाजवते.
थांबले की तळवा ठेवते.
आणि कडेच्या दोन ऐकायच्या झाल्या
तर पंखा बंद करते.