नियम नऊ

नियमावलीची एकच प्रत उरली होती,
कार्बनची तिसरी, 'ग' आणि 'म' अर्धवट उमटलेले.
ती मधोमध ठेवून आम्ही पाच जण बसलो
साखर पेठेत, वरच्या खोलीत, एप्रिलात,
भर दुपारी, कारण अध्यक्ष मल्लिनाथ कुर्ले यांना
तेव्हाच दुकान मुलावर टाकून येता येतं.
पंखा लावला की कागद उडत होते,
बंद केला की माणसं उठत होती.

पहिले आठ नियम अर्ध्या तासात झाले.
अनामत पंचवीसची शंभर.
'सद्गृहस्थ' खोडून 'व्यक्ती'.
'स्त्री-सभासदांनी पती वा वडिलांची सही आणावी'
यावर कुणीच काही बोलेना,
रेघ मीच मारली, आणि पेन जरा जास्त दाबलं गेलं,
खालच्या कोऱ्या पानावरही ती उमटली.

मग नऊ.
'नेलेले पुस्तक सभासदाने अन्य कोणासही वाचावयास देऊ नये.
दिल्याचे आढळल्यास सभासदत्व रद्द.'
राहू द्या हा, कुर्ले म्हणाले,
एका वर्गणीत गल्ली वाचायला लागली
तर वर्गणी भरणार कोण?

मी उठले. कपाटातून एक जाडजूड कादंबरी आणली,
उघडून सगळ्यांच्या नाकाखालून फिरवली.
तंबाखू.
दोनशे बाराव्या पानात खूण म्हणून
फर्म्याने कापलेलं तेंदूचं पान.

कार्ड नागमणी म्याकल हिचं.
तिनं कधी लपवलं नाही माझ्यापासून.
एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी वळायचं बघा, ती सांगते,
जी वाचती तिच्या वाटच्या विड्या
आम्ही दहा जणी मिळून पुऱ्या करतो.
पान उलटताना बोट जिभेला लावायचं नाही.
सासवांना कळलं नाही की तेलुगूत सांगायचं,
मगच फुडं जायचं.
रडू आलं तर पुस्तक शेजारणीकडं द्यायचं,
शाई फुटती.

आमच्या एकतीस नियमांत
इतका विचार केलेला एकही नव्हता.

किती जणी म्हणालात? कुर्ल्यांनी चष्मा काढला.
अकरा.
म्हणजे एका कार्डावर अकरा.
ते छताकडे बघत राहिले, ओठ हलत होते,
आणि मला वाटलं, विरघळला माणूस.
तपासणीत वाचकसंख्येच्या रकान्यात, ते म्हणाले,
ह्या अकरा धरता येतील का?
'ब' वर्ग टिकेल आपला.

असो. दार कुठल्या किल्लीनं उघडलं
हे दाराला विचारू नये.

पुढं दोन बैठका एका वाक्यावर गेल्या.
मी लिहिलं होतं, 'इतरांस वाचून दाखवण्यास हरकत नाही.'
इक्बाल नदाफ सर, आयुष्यभर उर्दू शाळेत शुद्धलेखन तपासलेले,
'हरकत' या शब्दावर बोट ठेवून बसले.
हरकत घेणारे आपण कोण, मॅडम?
ओसरी त्यांची, आवाज त्यांचा,
आपलं फक्त पुस्तक.

शेवटी उरलं ते असं:
'पुस्तक परत यावे.
मधल्या दिवसांत ते कोणी वाचले
हे वाचनालयाने विचारू नये.'

वार्षिक सभेत मंजूर व्हायचंय अजून.
चौदावाही तसाच आहे, 'डाग वा दर्प आल्यास दंड',
त्यावर कुर्ले अडून बसलेत.

शुक्रवारी नागमणी आली, बोटांची टोकं काळपट,
पुस्तक पदरात गुंडाळलेलं.
मी उघडलं. वास आला.
रजिस्टरात लिहिलं: सुस्थितीत.

दुसरा भाग हाय का ओ? तिनं विचारलं,
सगळ्या थांबून ऱ्हायलेत, त्या पोरीचं पुढं काय झालं म्हणून.

आहे, म्हटलं.
म्हणजे आपल्याकडं आहे, पण इथं नाही.
कार्ड काढून बघितलं, पुन्हा बघितलं.
नियम सहा, मुदत चौदा दिवस.
माघापासून तो कुर्ल्यांच्या घरी आहे.